दोन वस्तादांचा पठ्ठा : जालन्याच्या गदेमागचा एक हंगाम

महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या यादीतून सांगितला जातो. त्या यादीत वर्ष असते, गाव असते, जिंकलेल्याचे आणि हरलेल्याचे नाव असते. ज्याच्या हाताखाली तो पैलवान घडला त्या वस्तादाला मात्र तिच्यात रकाना नसतो. महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या २०१८ सालच्या नोंदीत जालना हे गाव आहे, विजेता म्हणून बाला रफिक शेख याचे नाव आहे आणि उपविजेता म्हणून अभिजित कटके याचे. त्या वर्षाच्या २३ डिसेंबरला जालना शहराच्या आझाद मैदानावर झालेल्या अंतिम लढतीत बुलढाणा जिल्ह्याकडून उतरलेल्या बाला रफिकने गतविजेत्या कटकेला ११-३ अशा गुणांनी हरवले आणि मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाणारी चांदीची गदा खांद्यावर घेतली. एवढा तपशील कोणत्याही स्मरणिकेत सापडतो. त्याच वर्षी या पैलवानाच्या आयुष्यातून पहिला वस्ताद कायमचा गेला होता आणि दुसऱ्या वस्तादाच्या देखरेखीखाली, दुसऱ्या शहरात, काहीशा वेगळ्या पद्धतीची कुस्ती खेळत तो जालन्यात आला होता. त्या हंगामाचा खरा अर्थ या बदलातच शोधावा लागतो.

सांघिक खेळांत प्रशिक्षक बदलणे ही नेहमीची व्यवहारी घटना असते. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल संघांभोवती एवढी मोठी उलाढाल फिरते की तेथील अनेक राज्यांत सार्वजनिक सेवेतील सर्वाधिक वेतन घेणारी व्यक्ती राज्यपाल नसून विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक असते, आणि एक-दोन हंगाम वाईट गेले की त्याला निरोप देऊन दुसरा आणला जातो. तालमीचा व्यवहार याच्या उलट दिशेने चालतो. तालीम म्हणजे केवळ सरावाची जागा नव्हे. पैलवान तेथेच राहतो, तेथेच स्वतःचे जेवण रांधतो, पहाटेच्या अंधारात उठून जोर-बैठका काढतो, हौद खणतो आणि वस्तादाने लावलेल्या जोडीशी लढतो. बहुतेक जुन्या तालमींत वस्तादाला ठरलेला पगार नसे, आणि म्हणून त्याला काढून टाकण्याचा अधिकारही कोणाकडे नसे. पठ्ठा एकदा वस्तादाच्या पायाला हात लावून तालमीत शिरला की ते नाते आयुष्यभराचे मानले जाई, आणि वस्ताद सोडून दुसऱ्या तालमीत जाणाऱ्याकडे आजही काही ठिकाणी थोड्या संशयाने पाहिले जाते. अशा व्यवस्थेत वस्ताद बदलण्याची वेळ प्रामुख्याने दोन कारणांनी येते: पैलवानाला आपली वाढ खुंटल्याचे जाणवते, किंवा वस्ताद थकतो आणि काळाआड जातो.

बाला रफिकचे पहिले गुरू हिंदकेसरी गणपतराव आंदळकर होते. आंदळकरांचा जन्म १९३५ साली सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातल्या पुनवत गावचा. घडण मात्र कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीतील. १९६० साली त्यांनी हिंदकेसरी किताब जिंकला, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात, म्हणजे कमरेखाली पकड करण्यास मनाई असलेल्या कुस्तीत, सुवर्णपदक आणि मुक्त शैलीत रौप्यपदक मिळवले, आणि १९६४ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. लाल मातीत वाढलेल्या मल्लाने परदेशातील गादीवर, ग्रीको-रोमनसारख्या अपरिचित प्रकारात, सुवर्ण आणावे ही गोष्ट आजच्या वाचकाला सहज वाटेल. पण त्या काळी गादीवरचा सराव ही महाराष्ट्रातील तालमींना जवळजवळ अनोळखी बाब होती हे ध्यानात घेतले म्हणजे आंदळकरांच्या कुस्तीबुद्धीचा आवाका कळतो. लढणे थांबवल्यावर त्यांनी कोल्हापुरातच पुढची अर्धी हयात पठ्ठे घडवण्यात घालवली. दादू चौगुले यांच्यासारखा, १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरलेला मल्ल त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाला. न्यू मोतीबाग तालमीत आंदळकर आबांच्या नजरेखाली मेहनत करायला मिळणे हीच पश्चिम महाराष्ट्रातील पैलवानाच्या घराची एकेकाळची महत्त्वाकांक्षा होती.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील खडकी गावचा, पिढ्यान्‌पिढ्या कुस्ती करणाऱ्या घरातला बाला रफिक याच महत्त्वाकांक्षेपोटी कोल्हापुरात आला होता. १६ सप्टेंबर २०१८ रोजी आंदळकरांचे निधन झाले. जालन्याची स्पर्धा तेव्हा जेमतेम तीन महिन्यांवर होती. स्पर्धेच्या काळात बाला रफिकचा सराव पुण्याच्या हनुमान आखाड्यात, वस्ताद गणेश दांगट यांच्या देखरेखीखाली चालला होता, आणि त्यामुळे जालन्यात उतरलेला हा मल्ल कोल्हापूरचा की पुण्याचा असा प्रश्न कुणी विचारला असता तर त्याचे एकेरी उत्तर देता आले नसते.

या स्थलांतराचे महत्त्व समजण्यासाठी माती आणि गादी यांतला भेद थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. तालमीचा हौद तांबड्या मातीने भरलेला असतो आणि ती मऊ, दमट व जंतुविरहित राहावी म्हणून तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबू मिसळले जाते. या मातीत पाय रुततो, हालचाल मंदावते, घामेजलेल्या अंगावर माती चोळून पकड मिळवावी लागते, आणि जत्रेतील परंपरागत कुस्ती ही निकाली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला लागेपर्यंत चालणारी असल्याने, दमसास आणि ताकद यांना तेथे पहिले स्थान असते. कब्जा घेणे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन पाठीवरून पक्के धरणे, आणि मग घिस्सा, मोळी, एकलंगी अशा डावांनी त्याला हळूहळू उलटवणे ही मातीतली रीत. गादीवर सगळा हिशेब बदलतो. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती मिळते. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून मागून ताबा मिळवला की दोन गुण, त्याची पाठ गादीकडे फिरवली की आणखी दोन, मोठ्या फेकीला चार किंवा पाच, आणि त्याला वर्तुळाबाहेर ढकलले तर एक गुण मिळतो. जो नुसताच हात लावून वेळ काढतो त्याला पंच ताकीद देतात आणि पुढच्या तीस सेकंदांत त्याने गुण घेतला नाही तर तो प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जातो. मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी झाली की लढत तेथेच थांबते. या निकालाला तांत्रिक सरशी म्हणतात. मातीत अर्धा तास टिकणारा मल्ल या सहा मिनिटांत गोंधळून गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा या दोन्ही जगांना एका छताखाली आणण्याचा प्रयत्न करते. १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ साली परिषदेने महाराष्ट्र केसरी हा किताब सुरू केला. पहिली स्पर्धा औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र जालना जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी. आजच्या रचनेत किताबाच्या गटात ८६ ते १२५ किलो वजनाचे मल्ल असतात, माती आणि गादी अशा दोन विभागांत त्यांच्या स्वतंत्र लढती होतात, आणि दोन्ही विभागांचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. ही अंतिम लढत गादीवर होते. म्हणजे माती विभाग जिंकून आलेल्याला किताबासाठी आपल्या हक्काची जमीन सोडून दुसऱ्याच्या जमिनीवर लढावे लागते. ही रचना माती विभागावर अन्याय करणारी आहे असे म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवरच होते हे वास्तव स्वीकारल्यावर परिषदेपुढे दुसरा मार्गही फारसा उरत नाही.

जालन्यात नेमके हेच घडले. बाला रफिक माती विभागातून वर आला, कटके गादी विभागातून. कटके हा पुण्याच्या शिवरामदादा तालमीचा मल्ल, २०१६ चा उपविजेता आणि २०१७ साली भूगाव येथे साताऱ्याच्या किरण भगतला हरवून किताब जिंकलेला. सलग तिसऱ्या वर्षी अंतिम लढतीत पोचलेला. गादी त्याच्या सवयीची होती, मोठ्या लढतीचा अनुभव त्याच्यापाशी होता, आणि त्यामुळे कागदावर पारडे त्याचेच जड होते. प्रत्यक्षात ११-३ हा गुणफलक पाहिला तर आठ गुणांचा फरक दिसतो, म्हणजे तांत्रिक सरशीला केवळ दोन गुण कमी पडले. माती विभागातून आलेल्या मल्लाने गादी विभागाच्या विजेत्याला गादीवर एवढ्या फरकाने हरवणे हे निव्वळ ताकदीने साधत नाही. कोल्हापूरच्या हौदात कमावलेली पकड आणि वजन पेलण्याची क्षमता हा त्याचा पाया होता, आणि गुण कसा घ्यावा, घेतलेला कसा राखावा, वर्तुळाच्या कडेला कसे उभे राहावे ही गादीची व्यवहारबुद्धी त्यावर चढली होती. पहिल्या वस्तादाने दिलेले दुसऱ्याने मोडले नाही, हा या हंगामातला सर्वांत मोलाचा भाग मानावा लागेल. नवा प्रशिक्षक आला की तो पहिल्या दिवसापासून स्वतःची छाप उमटवू पाहतो आणि तयार खेळाडूची घडी विसकटून टाकतो, हा अनुभव सर्वच खेळांत आहे. पंचविशीच्या आसपासच्या मल्लाचा पाया बदलता येत नाही, त्याची धार तेवढी लावता येते, एवढे भान वस्तादाला असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

एका जिल्ह्यात जन्मलेला मल्ल दुसऱ्या जिल्ह्याकडून कसा उतरतो, हा प्रश्न कुस्तीबाहेरच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. स्पर्धेचे प्रवेश जिल्हा आणि शहर संघटनांच्या निवड चाचणीतून ठरतात आणि प्रत्येक वजनगटात जागा मोजक्याच असतात. ज्या जिल्ह्यांत पैलवानांची दाटी आहे तेथे निवड चाचणीच अंतिम लढतीइतकी कठीण होते, तर काही जिल्ह्यांना वजनदार गटात उतरवण्यासाठी मल्लच सापडत नाही. गाव करमाळ्याचे, तालीम आधी कोल्हापूरची व मग पुण्याची, प्रतिनिधित्व बुलढाण्याचे आणि किताब जालन्यात, असा हा नकाशा त्यामुळे तयार झाला. त्यात जालन्याच्या वाट्याला फक्त मैदान आले.

यजमान म्हणून जालन्याने काही उणे ठेवले नाही. तत्कालीन राज्यमंत्री आणि जालन्याचे आमदार अर्जुन खोतकर यांच्या पुढाकाराने ही स्पर्धा शहरात आली. काळ मात्र कठीण होता. त्या खरिपात मराठवाड्यात पावसाने ओढ दिली होती आणि ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, त्यांत जालना जिल्ह्यातील तालुकेही होते. दुष्काळाचा कुस्तीशी संबंध वरवर दिसतो त्यापेक्षा घट्ट आहे. पैलवानाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी आणि मटण, हा शेतकरी कुटुंबाच्या खिशातून चालतो. गावच्या जत्रेतील इनाम लोकवर्गणीतून जमते. आणि पीक बुडाले की आधी वर्गणी आटते, मग जत्रेचा फड लहान होतो, मग तालमीतल्या पोराला घरून येणारा पैसा थांबतो. ज्या वर्षी जालन्यात राज्यातील सर्वांत मोठा कुस्तीचा आखाडा भरला, त्याच वर्षी मराठवाड्यातील कितीतरी होतकरू मुलांच्या घरी खुराकाचे गणित कोलमडलेले असणार.

मराठवाड्याने कुस्तीला मल्ल दिले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. दिले, पण ते घडले दुसरीकडे. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले ते कोल्हापूरच्या गंगावेस तालमीतून. पुढे बिराजदार वस्ताद म्हणून पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत स्थिरावले आणि मराठवाड्यातील पोरांची वाट कोल्हापूरऐवजी पुण्याकडे वळू लागली. लातूर जिल्ह्यातून आलेले काका पवार त्यांचेच पठ्ठे. आणि बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारेही लहान वयात बिराजदारांच्याच हाताखाली आला. २०११ साली बिराजदारांचे निधन झाले तेव्हा आवारेची कारकीर्द ऐन भरात येऊ पाहत होती, आणि पुढची सूत्रे गुरुबंधू काका पवार यांनी हाती घेतली. एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे जालन्याच्या स्पर्धेआधी आठ महिने, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आवारेने ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. वस्ताद गेल्यावर पठ्ठा उघड्यावर पडू नये यासाठी तालमीच्या परंपरेत ही एक सोय आहे: वस्तादाचाच थोरला पठ्ठा धाकट्याचा वस्ताद होतो, शिकवणीची भाषा बदलत नाही, आणि म्हणून शोकाच्या काळातही सराव खंडित होत नाही. बाला रफिकला अशी घरातल्या घरात सोय नव्हती. त्याला शहरही बदलावे लागले होते, आणि त्या दृष्टीने त्याचा हंगाम आवारेच्या संक्रमणापेक्षा अधिक अवघड होता.

पुण्याचे वर्चस्व जालन्यानंतर आणखी ठळक झाले. पुढच्या स्पर्धेची अंतिम लढत जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला झाली आणि तिच्यात कटके नव्हता, बाला रफिकही नव्हता. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके हे अंतिम फेरीतील दोन्ही मल्ल काका पवारांच्याच आखाड्यात सराव करणारे होते. सदगीर ३-२ असा निसटता जिंकला आणि त्याने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. दोन पठ्ठे अंतिम लढतीत, निकाल काहीही लागला तरी गदा आपल्याच तालमीत, असे भाग्य क्वचितच एखाद्या वस्तादाला लाभते. उलट कोल्हापूर जिल्ह्याला २००० साली विनोद चौगुले यांनी जिंकलेल्या किताबानंतर थेट एप्रिल २०२२ मध्ये, साताऱ्याच्या स्पर्धेत पृथ्वीराज पाटीलच्या रूपाने गदा परत मिळाली. शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या, खासबागसारखे मैदान असलेल्या नगरीला दोन दशके वाट पाहावी लागली, याचे एक कारण पुण्यात गादी, वैद्यकीय मदत, पुरस्कर्ते आणि नोकऱ्या या गोष्टी वस्तादांच्या भोवती जमत गेल्या हे आहे. कटकेचे पुढे काय झाले हेही येथे नोंदवायला हवे. जालन्यात हरलेल्या या मल्लाने जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादला हिंदकेसरी किताब जिंकला. एका पराभवावर मल्लाचे मोजमाप करणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवलेली बरी.

जालना जिल्ह्याच्या दृष्टीने पाहता या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष फारसा सुखद नाही. हा जिल्हा पोलादाच्या कारखान्यांचा आहे, बियाण्यांच्या उद्योगाचा आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथेच महिकोची स्थापना केली आणि जालन्याचे नाव देशभरच्या शेतकऱ्यांपर्यंत नेले. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, आणि बलोपासनेचा वारसा सांगायचा तर त्याहून मोठा दाखला कोणत्या जिल्ह्याला मिळेल? तरीही भोकरदन, अंबड किंवा मंठ्याच्या एखाद्या खेड्यातील दमदार मुलाला महाराष्ट्र केसरीचे स्वप्न पडले तर त्याची वाट आजही पुण्याकडे किंवा कोल्हापूरकडेच जाते. मुलींच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट होते. मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. त्यामुळे गावोगावच्या मुलींना वाट दिसली, पण कोवळ्या वयातील मुलीला दूरच्या शहरातील आखाड्यात ठेवणे किती पालकांना परवडते आणि किती जणांना मानवते, याचा विचार स्पर्धा भरवणाऱ्यांनी क्वचितच केलेला दिसतो.

मोठी स्पर्धा शहरात आली की मंडप उभा राहतो, मान्यवरांच्या रांगा लागतात, वर्तमानपत्रांची पाने भरतात आणि पाचव्या दिवशी मैदान मोकळे होते. वस्ताद एका गावात बसला की पहिली पाच-सात वर्षे कोणाच्याही डोळ्यांत भरण्यासारखे काही घडत नाही. पण बिराजदारांसारखा एक माणूस एका तालमीत टिकला की तीस वर्षे त्या तालमीची पोरे जिंकत राहतात. खर्चाचा विचार केला तर एका मोठ्या स्पर्धेच्या मंडप, रोषणाई आणि पाहुणचारावर जे उडते त्यातून एका चांगल्या वस्तादाचे मानधन, एक गादी आणि पंचवीस-तीस मुलांचा खुराक बराच काळ चालू शकतो. जालन्यातील उद्योजकांनी, जिल्हा परिषदेने आणि कुस्तीशी संबंधित मंडळींनी पुढच्या मोठ्या स्पर्धेचे यजमानपद मागण्याआधी पुण्या-कोल्हापुरात तयार झालेला, मराठवाड्यातलाच एखादा अनुभवी मल्ल वस्ताद म्हणून परत आणावा, त्याला किमान दहा वर्षांचे मानधन लेखी बांधून द्यावे आणि त्या दहा वर्षांत त्याच्याकडे गदा मागू नये.